वरच्या हवेची गाडी

गाडीला कुणी हात लावण्याआधी काका तिच्या बॉनेटवर तळवा ठेवायचे. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, हलका, मान जराशी कलती करून. मग भोवती जमलेल्या आम्हा रिकामटेकड्यांकडे बघून हळूच सांगायचे, "घाई करू नका. ती वरची हाय."

वरची म्हणजे महाबळेश्वरची. पोलादपूरकराला हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो. मुंबई-गोवा रस्ता आमच्या गावातून सरळ पुढे जातो आणि एक फाटा डावीकडे वळून घाट चढू लागतो. त्या घाटाच्या माथ्यावर जे काही आहे ते सगळं आमच्या लेखी वरचं. वरची थंडी, वरची स्ट्रॉबेरी, वरचे बंगलेवाले. आपण खालचे. फाट्यावरच माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. ॲसिड आणि डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्यांमध्ये बसून मी वर जाणारे आणि खाली येणारे बघत आलोय. त्या सगळ्या बघण्यात काकांसारखा माणूस पुन्हा दिसला नाही.

गाव त्यांना 'डायवर' म्हणायचं. मी काका म्हणायचो. नावाची गरज कधी पडली नाही, आणि आता पडायचं काही कारणही उरलेलं नाही.

ते पहिल्यांदा गाडी घेऊन आले तेव्हा नव्वदच्या दशकाचा मध्य असावा. पावसाळा सरून गवत पिवळं पडायला लागलं होतं. दुपारचा भात पोटात होता आणि मी खुर्चीत पेंगत होतो. अर्धवट मिटलेल्या डोळ्यांना दिसलं की घाटाच्या बाजूने काहीतरी लांब, हिरवं, आवाज न करता तरंगत येतंय. झोपेतलंच काही असेल म्हणून मी डोळे पुन्हा मिटले आणि पुन्हा उघडले, तरी ते होतंच. लांबलचक नाक, मागे जेमतेम शेपूट, तारांची चाकं, डोक्यावर छप्पर नाही. उंची एवढी कमी की रस्त्याच्या कडेने चाललेली बकरी तिच्यात वाकून बघत होती. आत खाकी कोट घातलेला एक किडकिडीत म्हातारा ताठ बसला होता. गाडी माझ्या दारासमोर आली आणि आपली आपण थांबली. पेट्रोल घाटातच संपलं होतं, उताराने तिला इथवर आणून सोडलं होतं.

जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी ती, दोनच माणसांची. तशी गाडी आमच्याकडे कोणी चित्रातसुद्धा धड पाहिली नव्हती. काकांनी खाली उतरून आधी गाडीवरची धूळ झटकली, मग स्वतःवरची, आणि मला विचारलं की इथं पेट्रोल कुठं मिळतं. हा माणूस इथलाच, पण जन्म वर काढून आल्यामुळे त्याला आपलंच गाव विचारावं लागत होतं.

गाडी त्यांच्या बाईंची होती. बाई म्हणजे महाबळेश्वरला बंगल्यात एकट्या राहणाऱ्या एक पारशी बाई. काका तरुणपणी त्यांच्याकडे नोकरीला लागले आणि बाई जाईपर्यंत तिथेच राहिले. घरी यायचे ते सणावाराला आणि भातलावणीला. हुद्दा ड्रायव्हरचा. पण गंमत अशी की बाईंनी त्यांना ही गाडी कधी चालवूच दिली नाही. बाई डोक्याला रुमाल बांधून स्वतः चालवायच्या आणि काका शेजारी बसायचे, मांडीवर हत्यारांची पिशवी आणि चहाचा थर्मास घेऊन. बाई गेल्यावर त्यांच्या भाच्याला गाडीत रस नव्हता. डायवरला द्या असं बाई सांगून गेल्या होत्या, त्याप्रमाणे त्याने रीतसर दिली. म्हणजे काका खरेखुरे ड्रायव्हर झाले ते नोकरी संपल्यावर.

त्यांचं घर गावाबाहेर, घाटरस्त्याचा पहिला चढ लागतो तिथे. घरात काकी एकट्या. मुलगा मुंबईला. गाडी घरी आली त्या दिवशी गोठ्यात म्हैस होती. दुसऱ्या दिवशी म्हैस परसात आणि गाडी गोठ्यात. काकींनी ही गोष्ट नवऱ्याला कधी विसरू दिली नाही. दूध देणारी भाईर आणि धूर देणारी आत, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या, पण ते हसू फार वेळ टिकायचं नाही. त्या गाडीत त्या कधी बसल्या नव्हत्या. काका बोलवत नव्हते आणि त्या विचारत नव्हत्या.

बाईंचा नेम होता, उजाडताच गाडीची एक फेरी. काकांनी तो नेम मोडला नाही. घरून फाट्यापर्यंत यायचं, माझ्या दुकानापुढे वळसा घ्यायचा, माझ्याकडे बघून मान हलवायची आणि परत जायचं. दिवाळीपर्यंत हे सुरळीत चाललं. मग थंडी पडली आणि गाडी सकाळची उठेनाशी झाली.

दुपारी विचाराल तर एका सेल्फमध्ये चालू. संध्याकाळीही तक्रार नाही. सकाळी मात्र सेल्फ फिरायचा, फिरत राहायचा, मध्येच कार्बोरेटरमधून एक मोठी शिंक यायची आणि पुन्हा सगळं सामसूम. मग काका ब्रेक सोडायचे आणि गाडी उताराने, इंजिन बंद, धुक्यातून फाट्यापर्यंत यायची. तिथे महाडच्या एसटीची वाट बघणारी मंडळी असायचीच. कामावर निघालेले, कोर्टाच्या तारखेला निघालेले, डब्यात मासे आणायला निघालेले, सगळे पिशव्या खाली ठेवून गाडीला हात लावायचे. ढकलत ढकलत पार पुढच्या मोरीपर्यंत न्यावी तेव्हा कुठे ती खोकत जागी व्हायची. एवढ्यात कधी एसटी येऊन निघून जायची. तरी कोणी चिडल्याचं मला आठवत नाही. उलट एखाद्या सकाळी गाडी आली नाही तर लोक चुकल्यासारखे उभे राहायचे.

धुक्यातली ती गाडी मला अजून दिसते. सावित्री नदीवरून धुकं वर यायचं आणि घाटातून थंडी खाली यायची, आणि दोघांची गाठ आमच्या फाट्यावर पडायची. त्यातून आधी नुसता टायरांचा आवाज. मग हिरवं नाक. मग खाकी कोट. तिला ढकलणारे कमरेपर्यंत धुक्यात असायचे, त्यामुळे पाय दिसायचे नाहीत, आणि होडी पाण्यात लोटावी तसं ते वाटायचं. कोणी फारसं बोलायचं नाही. झोप पुरती उतरलेली नसायची, आणि ती तशी न उतरलेली असण्यातच एक सुख होतं.

आता गावात एक रोगी असला की डॉक्टर किती होतात ते तुम्हाला माहीत आहे. पहिला डॉक्टर मी. बॅटरीवाल्याला बॅटरीशिवाय दुसरं काय दिसणार. मी त्यांची बॅटरी काढून भरभरून चार्ज केली, टर्मिनल घासली, नवी वायर ओढली. सेल्फ पूर्वीपेक्षा जोरात फिरला आणि शिंकही जोरात आली. पंपावरच्या माणसाने पेट्रोलमध्ये पाणी असल्याचं निदान केलं, अर्थात दुसऱ्या पंपावरच्या. चहावाला म्हणाला दव लागतंय, डिस्ट्रिब्युटरचं झाकण शेकून लावा. काकींनी ते पापडासारखं निखाऱ्यावर धरून दिलं, पण चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. एका ट्रकवाल्याने प्लग बदलायला सांगितले. कोणीतरी नजर लागल्याचं सांगितलं, तेव्हा लिंबूमिरचीही बांधून झाली. प्रत्येकाचं औषध वेगळं, पण मूळ कारणावर सगळ्यांचं एकमत होतं. थंडी.

मी एकदा सहज बोललो की काका, थंडी म्हणता तर वर इथल्याहून जास्त थंडी. तिथे कशी उठायची ही?

"वर एका सेल्फमधी उठायची," काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. घाटाकडे बघत राहिले, आणि मग कोटाची बटणं लावत निघून गेले.

शेवटी मी महाडच्या रशीदभाईला गाठलं. ट्रकांच्या गॅरेजांमध्ये त्याचंही एक गॅरेज. मधली काही वर्षं कुवेतला राहून तो परत आला होता आणि तिथे त्याने शेखांच्या गाड्या खोलल्या होत्या असं तो स्वतः सांगायचा. बोलण्यात फुशारकी भरपूर, पण कान चांगला. एका सकाळी आपली स्कूटर घेऊन तो धुक्यातून काकांच्या गोठ्यात आला. मी सोबत होतो. काकांनी सेल्फ मारला, शिंक आली, रशीदभाईने हात वर करून पुरे म्हटलं. मग एक प्लग काढला आणि आम्हाला दाखवला. टोक पांढरं फटक, चुना लावल्यासारखं.

गाडी उपाशी आहे, तो म्हणाला. त्याने समजावून सांगितलं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वरची हवा पातळ. पातळ हवेला पेट्रोल कमी लागतं, म्हणून वर कोणीतरी जाणत्या हाताने ते कमी करून ठेवलंय. गाडी खाली आली. इथली हवा दाट, आणि पेट्रोल मात्र वरच्याच मापाचं. इंजिन गरम झालं की कसंबसं निभावतं, पण थंडगार पोटाने सकाळी उठायला तिला जास्त लागतं आणि तेच मिळत नाही. दोन कार्बोरेटर होते. प्रत्येकाच्या बुडाशी एक लहान सहा पैलूंचा पितळी नट. तो नट दोन पैलू फिरवला की झालं. एवढं बोलून रशीदभाईने खिशातून पाना काढला.

काकांचा हात मध्ये आला. त्यांनी रशीदभाईला ढकललं नाही, काही नाही, नुसता तळवा नटांच्या खाली धरला, गळतं पाणी झेलावं तसा.

"त्याला हात नको," काका म्हणाले. "बाईंनी लावलंय ते."

मग त्यांनी थोडं सांगितलं. बाईंची शेवटची थंडी. बाई स्टुलावर बसल्या होत्या, एका कानाला रबरी नळी, तिचं दुसरं टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी. आतला हवेचा आवाज ऐकून त्या नट लावायच्या, दर वर्षी, स्वतः. त्या वर्षी बोटं थरथरत होती. काका म्हणाले मी फिरवतो, तर बाई रागावल्या. बऱ्याच वेळाने त्यांचं समाधान झालं. त्यांनी नळी काढून काकांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, आता हे असंच राहू दे. त्यानंतर त्या गाडीपाशी पुन्हा आल्या नाहीत.

रशीदभाईने प्लग फुंकर मारून परत बसवला. पाना खिशात टाकला.  दाराशी काकी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी आम्हाला चहा विचारला आणि आत गेल्या, पण चहा काही आला नाही, आणि आम्हीही थांबलो नाही. माझ्या दुकानात आल्यावर रशीदभाई म्हणाला, "आजार त्याला पयल्यापासून ठाऊक हाय. त्याला औषध नको हाय."

मला आधी काकांचा राग आला. एवढ्याशा नटापायी गावाने रोज ढकलायचं, हा काय प्रकार. मी दोन-चार वेळा त्यांना चिमटेही काढले, म्हटलं बाईंची कृपा आहे, आमचे दंड चांगले भरले. काका हसून घ्यायचे. हळूहळू माझाच राग ओसरला. आपल्या घरांत काय कमी असे नट असतात? भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ असतं, कोणी न घातलेला स्वेटर असतो. मी पाहिलं की मीसुद्धा सकाळी दुकान उघडताना कान देऊन टायरांचा आवाज ऐकतोय. एक थंडी गेली, दुसरी गेली.

तिसरी होती की चौथी, आता नक्की सांगता येत नाही. पौषातली गोष्ट. एका दुपारी काकी दुकानात आल्या आणि रिकाम्या बॅटरीच्या खोक्यावर बसल्या. बाजाराची पिशवी पायाशी ठेवली. मुंबईच्या मुलाला दुसरं मूल झालं होतं, सून नोकरी करणारी, त्यांनी आईला बोलावलं होतं. चार महिने नव्हे, कायमचं. काका काही तिथल्या खोलीत राहणार नव्हते आणि गाडी तर राहणारच नव्हती. काकींनी जायचं ठरवलं होतं. गुडघे, विहिरीचं पाणी, एकटेपणा, हे सगळं त्यांनी भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. मी म्हटलं, काका काय म्हणतात?

"बाई व्हती तवा बाईकडं बघायचे," काकी म्हणाल्या. "बाई गेली तर बाईच्या गाडीकडं. मी कुणाकडं बघू?"

आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मी उगाच टेबलावरची चिंधी घेऊन एक बॅटरी पुसत राहिलो. निघताना त्या म्हणाल्या की वीर स्टेशनला जाताना त्या गाडीतून जाणार आहेत. नवऱ्याला तसं सांगितलं आहे. एकदा तरी बसायचं. सकाळची पॅसेंजर आहे, त्या वेळी गाडी चालू झाली तर तिच्यात, नाही झाली तर रिक्षा सांगून ठेवली आहे.

संध्याकाळी काका खांद्यावर बॅटरी घेऊन आले. ती त्यांनी टेबलाशी ठेवली. मी म्हटलं, काका, बॅटरीत काही नाही, तुम्हालाही माहीत आहे. ते ठाऊक हाय म्हणाले, पण भरून दे म्हणाले. सकाळी तिला ढकलायचं नाही, असंही म्हणाले. मी विचारलं, का?

"लोकांनी ढकलायची, नि मी माझ्या बायकोला तसं घालवायचं काय?"

पहाटे मी बॅटरी स्कूटरवर बांधून त्यांच्या घरी गेलो. पुढचं चाक दिसत नव्हतं इतकं धुकं. अंगणात रिक्षा उभी होती आणि रिक्षावाला कानटोपी घालून आत मुटकुळं करून बसला होता. काकी ओट्यावर तयार होत्या. ठेवणीतलं लुगडं, शेजारी बॅग, नातवासाठी पोह्यांची आणि कुळथाची पुरचुंडी. गाडी गोठ्यातून अंगणात आणलेली होती. काकांनी तिला स्वच्छ पुसलं होतं आणि पुसल्या पुसल्या तिच्यावर पुन्हा दव धरलं होतं.

मी बॅटरी बसवली. काकांनी बॉनेटवर तळवा ठेवला, चोक ओढला, सेल्फ मारला. शिंक आली. पुन्हा मारला. पुन्हा शिंक. काकी रस्त्याकडे बघत होत्या. रिक्षावाल्याने कानटोपी सरळ केली आणि आपली रिक्षा चालू करून ठेवली. तिला काही त्रास नव्हता, ती लगेच फटफटायला लागली. काकींनी बॅगेचा बंद हातात घेतला.

काका खाली उतरले. त्यांनी खाकी कोट काढला आणि ओट्यावर काकींच्या शेजारी ठेवला. बनियनवर तो माणूस केवढासा दिसत होता. त्यांनी बॉनेट उघडलं, मला टॉर्च धरायला सांगितला आणि खिशातून एक लहान पाना काढला. म्हणजे तो त्यांनी रात्रीच खिशात टाकला होता. त्यांनी पाना नटाला लावला आणि तसेच थांबले. मला त्यांच्या श्वासाची वाफ दिसत होती, नाहीतर ते श्वास घेताहेत हे कळलं नसतं.  मी टॉर्चचा उजेड नटावर धरून ठेवला.

मग पाना फिरला. एक पैलू. नटाच्या कडेला इतक्या वर्षांची काजळी बसली होती, ती रेघ तुटली आणि तिच्यामागचं पितळ टॉर्चच्या उजेडात पिवळंधमक चमकलं. काका ते बघत राहिले. पुन्हा एक पैलू. मग दुसऱ्या कार्बोरेटरपाशी वाकून तेच. झाल्यावर त्यांनी अंगठ्याने दोन्ही नट पुसले, पाना पुसला आणि बॉनेट आवाज न करता मिटलं.

सेल्फ मारल्याबरोबर गाडी उठली. शिंक नाही, खोकला नाही. भरल्या पोटाचा जाड, गोल आवाज अंगणात घुमला, परसातली म्हैस धडपडून उभी राहिली, आणि रिक्षावाल्याने आपणहून आपली रिक्षा बंद केली. काकी उठल्या. काका पलीकडून वळसा घालून आले आणि त्यांनी काकींसाठी दार उघडून धरलं, मान जरा झुकवून. ही रीत त्यांच्या अंगात मुरलेली होती, पण काकींना ती नवीन होती. त्या क्षणभर उभ्याच राहिल्या. मग एकदम खाली बसल्या आणि जमीन एवढी जवळ आल्यावर दचकून दाराची कड धरली. बॅग ठेवायला जागा नव्हती, ती मांडीवर घेतली, वर पुरचुंडी. काकांनी कोट उचलला, स्वतः घातला नाही, काकींच्या गुडघ्यांवर टाकला. गाडी धुक्यात गेली आणि तिचा आवाज महाडच्या बाजूला बराच वेळ ऐकू येत राहिला.  रिक्षावाला म्हणाला, माझं भाडं गेलं, आणि नाक पुसायला लागला.

उन्हं वर आली, धुकं विरलं. मी दुकानात बसलो होतो, पण कामात लक्ष नव्हतं. काका एकटे परत येतील तेव्हा काय बोलायचं, याची मी जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात महाडच्या बाजूने तो आवाज आला. गाडी आली, आणि तिच्यात दोघं होते. काकींनी वाऱ्यासाठी पदर हनुवटीखाली गाठ मारून बांधला होता. बॅग मांडीवर तशीच. माझ्या दुकानापुढे वळसा नाही, मान हलवणं नाही, गाडी फाट्याला वळली, त्यांच्या घरापाशीही न थांबता घाटाला लागली आणि पहिल्या वळणावर झाडांत शिरली. मी हातात ॲसिडची बाटली घेऊन रस्त्यात उभा होतो. ऊन होतं, मी पुरता जागा होतो, तरी जे पाहिलं ते खरं का, असं मला दुपारपर्यंत वाटत राहिलं.

वीरला काय झालं ते काकांनी मला पुढे सांगितलं, अगदी थोडक्यात. पॅसेंजर आली, थांबली, काका बॅग घ्यायला वळले तर काकी जागच्या हलल्या नाहीत. काका म्हणाले, उतर गो. तर काकी म्हणाल्या, आत्ता तर बसलेय. पॅसेंजर निघून गेली. काकी म्हणाल्या, बाईला जिथं न्यायचात तिथं मला न्या. त्यावर काका मनात म्हणाले असतील की मी कुठं न्यायचो, बाईच मला न्यायच्या, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. वर काय झालं, ते मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही.

काकी पुढे मुंबईला गेल्या, एसटीने, नातवाला खेळवून उन्हाळ्यात परत आल्या. मग दर वर्षी तसंच. मुलगा कुरकुरला, पण कायमचा विषय पुन्हा निघाला नाही. गाडी रोज सकाळी एका सेल्फमध्ये उठायला लागली. फाट्यावरच्या मंडळींना एसटी वेळेवर मिळू लागली आणि ती थोडी हिरमुसली. कधी शेजारी काकी असायच्या, भाजीची पिशवी घेऊन, आणि गाडी कुठे थांबवायची ते बोटाने दाखवायच्या. ती वरची हाय, हे शब्द मी त्यानंतर काकांच्या तोंडून ऐकले नाहीत.

नव्या शतकाची काही वर्षं गेली आणि एका श्रावणात काका झोपेतच गेले. तेराव्यानंतर मी आणि रशीदभाई काकींना भेटायला गेलो. पाऊस थांबला होता, गोठ्यात गाडीवर मेणकापड होतं. रशीदभाईने बॉनेट उघडून आत बघितलं आणि हलकेच मिटलं. या वेळी काकींनी चहा आणला. आम्ही ओट्यावर बसलो होतो. घाटावर ढग टेकले होते आणि काकी त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी आपणहूनच त्या दिवसाचं काढलं. वर पोचता पोचता गाडी खोकायला लागली होती. मागून काळा धूर. खालच्या हवेला लावलेली गाडी, वरच्या हवेत पेट्रोल जास्त झालं, ते मला आणि रशीदभाईला सांगायला नको होतं. बाईंच्या बंगल्याच्या फाटकासमोर आली आणि बंदच पडली. आतून राखणदार बघायला आला.

"मला तिथं मेल्यावानी झालं," काकी म्हणाल्या. "म्हटलं, अवो, बाईच्या दारात अशी नको. फिरवा तुमचा तो नट, व्हता तसा करा. पाना तर खिशात व्हता." त्यांनी कप खाली ठेवला. "तर म्हणले, नको गो. आपल्याला खालीच ऱ्हायाचं हाय."